एकोणीस सेकंद

मंगळवारी सकाळी चावीवाल्यांनी दुकानाचं शटर अजून पुरतं वर केलं नव्हतं, तोच समोरच्या वसाहतीचे सेक्रेटरी वाकून आत आले आणि त्यांनी आपला फोन काउंटरवर उताणा ठेवला.

"बघा," ते म्हणाले.

चावीवाल्यांनी चष्मा लावून बघितलं. पांढरं पान होतं आणि त्याच्या मधोमध एक बारीक वर्तुळ गरगरत होतं.

"काय बघू?"

"तुमची वेबसाइट."

"कुठंय?"

"तेच मीही विचारतोय."

दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून वाट बघू लागले. यथावकाश पडद्यावर एक पितळी कुलूप उगवलं. त्यात किल्ली शिरली, सावकाश फिरली, 'खट्' असा आवाज झाला आणि मग चावीवाल्यांचे दिवंगत वडील वरून खाली अवतरू लागले. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. मिशीपाशी ते थोडे अडकले. मग हनुवटी आणि कोटाचं वरचं बटण.

"एकोणीस सेकंद," सेक्रेटरींनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "कालही एकोणीस. परवाही एकोणीस. कमिटीत प्रत्येकाला उघडून दाखवली मी."

"इतक्यांदा बघितलीत?" चावीवाले नकळत सुखावले.

"किती वेळ लागतो ते दाखवायला. आणि शोधायला गेलं तर तुमचा नंबर चौदावा. हे बघा, चारशे घरं आहेत आमची. आठवड्याला एक तरी माणूस स्वतःच्या दाराबाहेर अडकतो. कमिटीनं ठरवलंय, प्रत्येक फाटकावर एकाच चावीवाल्याचा बोर्ड लावायचा. येत्या शनिवारी अकरा वाजता मी स्वतः दाराबाहेर अडकणार आणि फोनवर शोधणार. जो पहिला सापडेल, बोलेल आणि येईल, बोर्ड त्याचा."

"अहो, पण मी हा इथे, रस्ता ओलांडला की."

"दाराबाहेर अडकलेल्याला रस्ता दिसत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "फोन दिसतो."

ते गेल्यावर चावीवाल्यांनी हातातली किल्ली कानशीला लावली खरी, पण दात चुकीच्या बाजूला पाडले. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. बोर्ड कुणाला मिळणार हे त्यांना न शोधताही ठाऊक होतं. नाक्यापलीकडे वर्षभरापूर्वी एक जण आला होता, त्याचं दुकानही नव्हतं, नुसती मोटारसायकल आणि ड्रिल मशीन. सगळे त्याला 'झटपट' म्हणत. तो कुलूप उघडत नसे, फोडत असे आणि नवं विकत असे. चावीवाल्यांनी आजवर एकही कुलूप फोडलेलं नव्हतं. वडिलांनी शिकवलं होतं की कुलूप हे रुसलेल्या माणसासारखं असतं, त्याच्याशी हळू बोलावं. पण फोनवर शोधलं की झटपट पहिला यायचा आणि त्याचं पान डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडायचं. चारशे घरं त्याच्याकडे गेली की चावीवाल्यांकडे उरणार सायकलींची कुलपं आणि प्रवासी पेट्यांच्या हरवलेल्या चाव्या.

दुकानाच्या मागे एक दार होतं आणि दाराच्या मागे घर. चावीवाले आत आले तेव्हा आई नुकतीच उठून बसली होती आणि सूनबाईंनी तिच्या हातात फोन दिला होता. म्हणजे नेमाची वेळ.

हा नेम इथे सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरलं. दोन वर्षांपूर्वी मेहुण्यानं वेबसाइट बनवली आणि पहिल्या पानावर बहिणीचे सासरे, म्हणजे चावीवाल्यांचे वडील, घातले. आईनं पहिल्यांदा ती उघडली तेव्हा समोर काहीच येईना, म्हणून तिनं डोळे मिटून आपली छोटीशी प्रार्थना म्हटली. प्रार्थना संपवून डोळे उघडले तर समोर नवरा. त्या दिवसापासून तो नेमच झाला. सकाळी वेबसाइटचं बटण दाबायचं, प्रार्थना म्हणायची, दर्शन घ्यायचं आणि मगच चहाला तोंड लावायचं. नेमाचं एक असतं. पाळणाऱ्याला तो फुलासारखा हलका असतो, जड होतो तो घरच्यांना.

संध्याकाळी मेहुणा आला. तो एका मोठ्या कचेरीच्या संगणक विभागात होता आणि चावीवाल्यांना दाजी म्हणत असे. त्यानं वेबसाइटची तपासणी करून निकाल सांगितला.

"दाजी, शंभरापैकी अकरा."

शाळेत गणितातसुद्धा चावीवाल्यांना कधी पस्तीसच्या खाली पडले नव्हते. पस्तीसच्या वरही पडले नव्हते, पण तो प्रश्न वेगळा.

"पान जड झालंय. ते फिरणारं कुलूप जड. उघडलेल्या कुलपांचे तीनशे बारा फोटो आहेत, ते जड. आणि सगळ्यांत जड सासरेबुवा."

"त्यांना इतकं जड केलं कुणी?"

"मीच," मेहुणा म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, मिशीचा केस न् केस मोजता आला पाहिजे. आता पान हळू उघडतं म्हणून लोक परत जातात, लोक परत जातात म्हणून नंबर खाली जातो, नंबर खाली म्हणून—"

"कळलं. हलकं कर सगळं."

एवढ्यात शेजारचे निवृत्त हेडक्लार्क आले. त्यांना सगळी गल्ली 'सूचनाखातं' म्हणायची आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना ती पदवी वाटे.

"हलकंबिलकं काही करू नका," सूचनाखातं खुर्ची ओढून म्हणालं. "नवं कुलूप कसं, वापरून वापरून सैल होतं. तसंच हे. शंभर जणांनी दिवसातून दहादा उघडली की आपोआप झरझर उघडेल. मी आपल्या गल्लीत निरोप देतो. बरोबर सात वाजता सगळ्यांनी एकदम."

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. चावीवाल्यांना मात्र कुलपाचा दाखला पटला, आणि हाच त्यांचा घात होता. सात वाजता सगळ्या गल्लीनं एकदम वेबसाइट उघडली. तिला एकतीस सेकंद लागले.

"सुरुवातीला घट्टच जाणार," सूचनाखातं म्हणालं.

बुधवारी मेहुणा फोटो काढून टाकायला बसला आणि वेबसाइट त्याला आत घेईना. परवलीचा शब्द दोन वर्षांत तो विसरला होता. कुलूपवाल्याच्या घरी किल्ली हरवावी, यापेक्षा नामुष्की ती कोणती? मग वेबसाइट जिथे भाड्यानं ठेवली होती त्या कंपनीच्या मदत केंद्राला चावीवाल्यांनी स्वतः फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"खातेदारांचं नाव?"

मेहुण्यानं खालमानेनं सांगितलं की खातं सासऱ्यांच्या नावानं काढलंय. दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर होता, तोच कागद हाताशी होता.

"खातेदारांना फोन द्या," आवाज म्हणाला.

"ते देता येणार नाहीत."

"सध्या कुठे आहेत?"

चावीवाल्यांनी जरा विचार केला. "तसे तुमच्याकडेच आहेत. पहिल्या पानावर."

"सर, खातेदारांनी स्वतः बोलल्याशिवाय आम्हाला काही बदलता येत नाही."

"बाई, ते वारले."

आवाजानं अतिशय मृदूपणे दुःख व्यक्त केलं आणि मृत्यूचा दाखला अपलोड करायला सांगितलं. तक्रारीला चौदा आकडी क्रमांक मिळाला. चावीवाल्यांनी तो भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या पुठ्ठ्यावर लिहिला, तर शेवटचे दोन आकडे भिंतीवर गेले. गुरुवारी दाखला पाठवला. तो उलटा आहे म्हणून परत आला. सुलटा पाठवला. तो मंजूर झाला. चावीवाल्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

शुक्रवारी सकाळी आईनं बटण दाबलं, डोळे मिटले, प्रार्थना म्हटली आणि डोळे उघडले. समोर नवरा नव्हता. एकच ओळ होती.

'खातेदार हयात नसल्याने ही वेबसाइट कायमची बंद करण्यात आली आहे.'

आईनं ती ओळ दोनदा वाचली. फोन सूनबाईंकडे दिला आणि हळूच म्हणाली, "बाई गं, हे त्यांना आज कळलं?"

सूनबाईंनी चहाच्या कपावर बशी झाकली.

आईचं वय शहात्तर. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर घ्यायची. नाश्ता चहानंतर आणि चहा दर्शनानंतर. नऊ वाजले तेव्हा चावीवाल्यांनी भिंतीवरची तसबीर उतरवून आईसमोर धरली.

"हे बघ, हेच ते. हाच फोटो. घे चहा."

"भिंतीवरचे सगळ्यांचे आहेत, बाळ. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात." आई समजुतीनं म्हणाली. "फोनमधले मी बोलावते तेव्हा येतात. मला काही होत नाहीये, तू तुझं काम कर."

तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाशी भांडता येतं. उद्या अकरा वाजता परीक्षा, आज वेबसाइटच नाही आणि आई उपाशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चावीवाल्यांनी पुन्हा मदत केंद्राला फोन लावला. 'रांगेत आपला क्रमांक सातवा आहे,' असं यंत्र म्हणालं आणि संगीत सुरू झालं. आता फोन ठेवला तर क्रमांक जाईल, म्हणून ते फोन कानाला चिकटवून खोलीभर फिरत राहिले.

मेहुणा रजा टाकून आला. दाराशी उभं राहूनच त्यानं बशीखालचा कप पाहिला आणि काही न विचारता लॅपटॉप उघडला.

"दाजी, जुनं गेलं ते गेलं. वेबसाइटचा पत्ता आपल्याच ताब्यात आहे, ती दुसऱ्या कंपनीत नव्यानं उभी करू. एकच पान. सासरे, दुकानाचं नाव, बास. त्यांना तीन टक्क्यांवर आणतो."

"मिशी?"

"मिशी दिसेल. केस मोजता येणार नाहीत."

चावीवाल्यांनी डोळ्यांनीच परवानगी दिली, कारण रांगेत त्यांचा क्रमांक आता पाचवा होता.

साडेतीन वाजता पान तयार झालं. आता नव्या कंपनीला एक फोन नंबर हवा होता. तिथून यंत्राचा फोन येणार, यंत्र सहा आकडे सांगणार आणि ते तीस सेकंदांत भरायचे. चावीवाल्यांचा फोन अडकलेला. मेहुण्याचा नंबर तिथे आधीच कुणाच्या तरी खात्याला वापरलेला. सूनबाईंचा दुरुस्तीला. आईचा फोन तिच्या मांडीवर होता. मेहुण्यानं तो नंबर घातला.

फोन लगेच वाजला. आईनं पडद्याकडे पाहिलं. अनोळखी नंबर. आईनं डोळे मिटले.

"आई, उचला," मेहुणा म्हणाला.

"थांब," सूनबाई कुजबुजल्या. "अनोळखी फोन त्या प्रार्थना म्हटल्याशिवाय घेत नाहीत. म्हणतात, असा फोन म्हणजे एक तर लबाड माणूस, नाही तर वाईट बातमी. दोन्हीला मन तयार पाहिजे."

"अगं ताई, तीस सेकंद आहेत फक्त."

"मग अकरा उरतात," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी कधीतरी मोजलं असावं.

फोन वाजत राहिला. आईचे ओठ हलत राहिले. मेहुण्याची बोटं कळफलकावर अधांतरी, चावीवाल्यांच्या कानात संगीत. आईनं डोळे उघडले, फोन उचलला, शांतपणे आकडे ऐकले आणि एकेक करून मोठ्यानं सांगितले. शेवटचा आकडा मेहुण्यानं भरला तेव्हा एक सेकंद उरला होता.

पान उघडलं. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव.

"दाबा आता, आई," मेहुणा म्हणाला. आईनं बटण दाबलं आणि दचकली.

"अरे, हे आलेसुद्धा. मी अजून डोळे मिटले नव्हते."

पुन्हा सगळ्यांचा जीव टांगणीला. नेमात आधी प्रार्थना आणि मग दर्शन. उलटं झालेलं दर्शन चालतं की नाही? कपावरची बशी अजून तशीच होती. अखेर सूनबाईंनी तोडगा काढला. आईनं आधी डोळे मिटून प्रार्थना म्हणायची आणि ती संपता संपता सूनबाईंनी बटण दाबायचं. तसं झालं. चार वाजता आईनं चहा घेतला. त्याच वेळी चावीवाल्यांचा रांगेतला क्रमांक पहिला आला, आणि फोन कट झाला.

"आता आपण पहिले?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

मेहुण्यानं नजर चुकवली. "दाजी, वेग वाढला. पण शोधणाऱ्या यंत्राला ते कळायला काही आठवडे जातात. त्यात अर्धा दिवस आपण बंद होतो. सध्या सोळावे आहोत."

शनिवारी पावणेअकरापासून चावीवाले दुकानात आपला फोन समोर ठेवून बसले. औजारांची पिशवी भरून तयार होती. नवा शर्ट घातला होता. अकरा वाजले. अकरा वाजून चार मिनिटं झाली. समोरच्या वसाहतीचं फाटक दिसत होतं. मोटारसायकल अजून आत गेली नव्हती, पण जाणार हे नक्की होतं. चावीवाल्यांनी फोन उचलून बघितला, चार्जिंग बघितलं, आवाज बघितला. फोन मुका होता.

सहा मिनिटं झाली आणि आतल्या खोलीत आईचा फोन वाजू लागला.

"आई, तो बंद कर गं, मला माझा ऐकू येणार नाही," चावीवाल्यांनी दारातून सांगितलं.

आई डोळे मिटून बसली होती. अनोळखी नंबर. ओठ हलत होते. चावीवाले दातओठ खात उभे राहिले, कारण प्रार्थना मध्येच तोडायची रीत त्या घरात नव्हती. मग आईनं डोळे उघडले आणि फोन कानाला लावला.

"बोला. हो, चावीवाल्यांचंच घर. मी आई. सावकाश बोला, मला कळत नाहीये." ती ऐकत राहिली. तिचा चेहरा बदलला, आवाज बदलला नाही. "बाळ कुठल्या खोलीत आहे? झोपलंय ना? दूध किती आहे? आच मोठी की बारीक?"

मग तिनं फोनवर हात ठेवला. "अरे, तुझे सेक्रेटरी आहेत. परीक्षेसाठी दार ओढून घेतलं, आणि दुसरी किल्ली बायकोच्या हातात हवी होती, ती आतच राहिली. नात झोपलीय, दूध गॅसवर आहे. तिसरा मजला. तू नीघ, मी बोलते."

चावीवाल्यांनी रस्ता कसा ओलांडला हे त्यांना आजही सांगता येत नाही. लिफ्ट वरच होती. तीन जिने चढून ते वर पोचले तेव्हा सेक्रेटरी दारावर कपाळ टेकून उभे होते. हातातल्या फोनमधून आईचा आवाज येत होता. शेजारी त्यांची बायको रडत होती आणि तिच्या फोनमधून यंत्र सांगत होतं, 'झटपटमध्ये आपलं स्वागत आहे. घरासाठी एक दाबा, वाहनासाठी दोन दाबा.' एक तिनं आधीच चारदा दाबलं होतं.

"गॅसची नळी बाहेरून येते का हो?" आई विचारत होती. "जिन्यात बघा, पिवळी असेल. तिच्यावर एक दांडी असेल. ती आडवी करा."

सेक्रेटरींनी वळून पाहिलं. नळी त्यांच्या पाठीमागेच होती. रोज त्यावर ते छत्री अडकवत. त्यांनी छत्री काढली आणि दांडी आडवी केली.

"केली."

"झालं. आता दूध आपोआप थांबेल. बाळ उठलं तर दाराशी बोलत राहा. आमचा आला का?"

"आलो," चावीवाले म्हणाले आणि गुडघ्यावर बसले.

कुलपात घातलेला तारेचा पहिला आकडा निसटला. दुसराही निसटला. आत कुठेतरी भांड्याची चर्रर ऐकू येत होती, का तो भास होता कोण जाणे. फोनमध्ये आईनं पुढे काही विचारलं नाही. तिनं प्रार्थना सुरू केली. चावीवाल्यांनी कुलपाला कान लावला. वडील म्हणत तसं, रुसलेल्या माणसाशी हळू. प्रार्थना शेवटच्या ओळीवर आली आणि कुलूप म्हणालं, 'खट्'.

दूध काठापाशी येऊन खाली बसलं होतं. नात एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळली, एवढंच.

सेक्रेटरी सोफ्यावर बसले. मग म्हणाले, "पण तुमचं नाव पहिलंच आलं. नुसतं 'चा' टाइप केलं आणि तुम्ही. उघडायला क्षणही लागला नाही."

दाराशी जमलेल्या गर्दीत सूचनाखातं होतंच. त्यानं स्वतःच्या फोनवर शोधून पाहिलं. "माझ्याकडे सोळावे आहेत," ते तक्रारीच्या सुरात म्हणालं.

मेहुण्यानं संध्याकाळी उलगडा केला. सेक्रेटरींनी आठवडाभर ती वेबसाइट किती हळू आहे हे कमिटीतल्या प्रत्येकाला उघडून दाखवलं होतं. त्यांच्या फोनचा समज झाला की साहेबांना हीच आवडते. तेव्हा तो आधी तीच पुढे करू लागला.

आणि आईचा नंबर? नव्या कंपनीनं ज्या नंबरवर आकडे सांगितले, तोच आपण होऊन फोटोखाली छापला होता. चावीवाल्यांचा नंबर जुन्या पाटीच्या फोटोत होता, तो फोटो वजनापायी गेला. घरातल्या कुणाच्या हे लक्षात आलं नाही, कारण घरात जो तो मिशी बघत होता.

"बदलून टाकू," चावीवाले म्हणाले.

पण सोमवारी सेक्रेटरी स्वतः बोर्डाची बातमी घेऊन आले. कमिटीचा ठराव होता की ज्या नंबरनं उत्तर दिलं तोच रंगवायचा, आणि चारही फाटकांवर तो रंगवून झाला होता. बायकोनं बजावलं होतं म्हणे, की दाराबाहेर उभं असताना कानात तोच आवाज हवा.

आता आठवड्याला एक-दोन फोन येतात. आई दुपारची झोप मोडून घेते आणि विचारते, आत कोण आहे, गॅस चालू आहे का. तोवर चावीवाले रस्ता ओलांडलेले असतात. वेबसाइट एका सेकंदाच्या आत उघडते. मात्र दाराबाहेर अडकलेल्या माणसाचा नंबर आईला नेहमीच अनोळखी असतो, त्यामुळे फोन उचलला जायला एकोणीस सेकंद लागतात. मेहुण्यानं सगळं तपासून सांगितलंय की याच्या खाली आता येणार नाही.